घड्याळमास्तरांची टकटक

घड्याळमास्तरांनी अग्निशमन दलाच्या बँडमध्ये एकतीस वर्षं ड्रम वाजवला आणि एकतीस वर्षांत एक ठोका चुकवला नाही. हे कुणाच्या तोंडचं कौतुक नव्हे, वहीतली नोंद आहे. वही मात्र त्यांचीच.

त्या बँडची रीतच तशी होती. फुंकणाऱ्यांचे डोळे कागदावर खिळलेले, ड्रमवाल्याचे मोकळे. म्हणून चुका टिपायचं काम ड्रमवाल्याकडे. कुणाचा सूर घसरला, कुणाचं पाऊल चुकलं, की मास्तर ड्रमच्या कडेवर काठीने दोनदा वाजवायचे. टक टक. लगेच अख्खा बँड जागच्या जागी थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. सराव संपला की वहीत तारीख, नाव, चूक आणि शेवटच्या रकान्यात 'पहिल्यापासून'. अशा नऊ वह्या भरून दहावी अर्धी झाली आणि मास्तर निवृत्त झाले. एवढ्या पानांत त्यांचं स्वतःचं नाव कुठेही नाही. मागे लोक म्हणायचे, वही ज्याच्या हातात त्याचं नाव तिच्यात येईलच कसं? पण तो आरोप खोटा होता. हा गृहस्थ खरोखरच चुकत नसे, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना खरा जाच तोच होता.

निवृत्तीनंतर मास्तर मुलाकडे राहायला आले. मुलगा चष्मे बनवायचा. त्याला दारावरची बेल आणि टेलिफोन यांतला फरकही पटकन कळत नसे. सून मात्र पियानो वाजवायची, आणि वाजवायची तेही जॅझ.

पहिल्याच संध्याकाळी मास्तर जेवणाच्या टेबलाशी चहा घेत बसले होते. बाहेरच्या खोलीत सून वाजवत होती. मास्तरांच्या हातातला चमचा आपोआप टेबलावर पडला. टक टक.

"सूनबाई, तिसऱ्या ओळीत चुकलीस."

"चुकले नाही बाबा. तो सूर तसाच असतो. जरा कलता."

"कलता म्हणजे?"

"म्हणजे बघा, भिंतीला टेकून उभं राहिलेल्या माणसासारखा. ना या सुराचा, ना त्या सुराचा, मधेच कुठेतरी. पियानोवर तो नसतोच, म्हणून शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर घासून त्याचा भास करायचा."

"सुराने सरळ उभं राहावं," मास्तर म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

सून हसली. पण दुसऱ्या दिवशी पियानोच्या पाठीला एक तपकिरी ब्लँकेट चिकटलं, आवाज घरात घुमू नये म्हणून. शिवाय ती वाजवायला बसायची ती मास्तर फिरायला गेले की. मास्तरांनी हे सगळं टिपलं आणि फेरी अर्ध्या तासाने वाढवली. दोन वर्षं अशीच गेली. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नव्हती. मास्तर कधीकधी फेरीवरून लवकर येत आणि जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्याला धरून ऐकत उभे राहत. ही गोष्ट वहीत नाही.

सुनेचा चौघांचा बँड होता. एका बुधवारी त्यातली ड्रम वाजवणारी, जिला सगळे चिमणी म्हणत आणि जी एरवी विजेची कामं करायची, शिडीवरून पडली. जिवावर बेतलं नाही, मनगटावर निभावलं. पण रविवारी दुपारी चारला चौकातल्या चहाच्या दुकानात त्यांची परीक्षा होती. मालकीणबाईंना पटलं तर दर रविवारी तिथे वाजवायला मिळणार होतं. आधी दोन ठिकाणी नकार मिळाला होता. हे तिसरं ठिकाण, आणि शहरात चौथं नव्हतं.

रात्रीचं आवरताना सून नवऱ्याला म्हणाली, "हेही नाही झालं ना, तर पियानो संगीताच्या शाळेला देऊन टाकते. कधीचे मागतायत. तेवढीच बाबांना खोली मोकळी होईल."

मास्तर आपल्या खोलीत पडून होते. दार लोटलेलं होतं, पण कान लोटता येत नाहीत. 'तेवढीच बाबांना' हे शब्द त्यांनी तीनदा मोजून पाहिले. मग उठले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ड्रमवर मी बसतो."

मुलाच्या हातून झाकण पडलं. "बाबा, ते काही संचलन नव्हे."

"माहीत आहे मला."

सुनेने शहरातल्या बाकीच्या ड्रमवाल्यांची मनात उजळणी केली. ती अर्ध्या श्वासात संपली. "उद्या दुपारी दोनला सराव आहे बाबा," ती म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल."

"कुणाला?" मास्तरांनी खरोखरच गोंधळून विचारलं.

सराव दातांच्या डॉक्टरांकडे होता. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा रुग्णांच्या खुर्च्या बाजूला सारून हे लोक वाजवत. भिंतीवर हिरड्यांचे तक्ते, त्यांखाली डॉक्टरांचा एक छोटा पियानो. डॉक्टर सॅक्सोफोन वाजवायचे, आणि त्यांचा आवाज सगळ्या जगात त्यांचा एकट्याचा होता: सुन्न झालेल्या ओठाने कुणीतरी मनातलं सांगायला बसावं, तसा. बेस वाजवायचा तो एक सुतार, त्याला खांब म्हणत. उंच माणूस, आणि त्याच्याहून थोराड त्याचं वाद्य. जड तारा तो बोटांनी ओढायचा, तेव्हा खुर्च्यांचे पाय थरथरायचे.

सुनेने मास्तरांच्या हातात एक कागद दिला. त्यावर दहाबारा अक्षरं आणि काही आकडे होते.

"हे काय? वाण्याची यादी?"

"गाणं आहे बाबा. एवढंच लिहिलेलं असतं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवायची. मग तिच्याच पायावर एकेकाने आपापलं बोलायचं. शेवटी परत चालीवर यायचं."

"आणि ते आपापलं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग चुकलं हे कळणार कसं?"

डॉक्टरांनी खांबाकडे पाहिलं, खांबाने हिरड्यांकडे. आणि सगळे वाजवू लागले.

मास्तरांचा ठोका अचूक होता. इतका अचूक, की चौथ्या मिनिटाला गाणं छाती काढून चालायला लागलं.

"मास्तर," डॉक्टर सॅक्सोफोन खाली ठेवत म्हणाले, "या ठोक्यावर माझे पेशंट रांगेत उभे राहून दात मोजून देतील."

"बाबा, जोर पहिल्यावर नको," सून म्हणाली. "एक जाऊ द्या, दोनवर द्या. तीन जाऊ द्या, चारवर द्या."

"एकवर पाय पडतो."

"इथे कुणी चालत नाहीये. आणि दोन ठोके सारखे नकोत. पहिला जरा रेंगाळू द्या, दुसरा तोकडा. लांऽब-तोकडा, लांऽब-तोकडा. त्यानेच तर झोका येतो."

मास्तरांनी प्रयत्न केला. मनात तीन भाग पाडले, दोन पहिल्याला दिले, एक दुसऱ्याला. हिशेब चोख बसला आणि गाणं गुदमरलं. पाच वाजता सगळ्यांनी आपापली वाद्यं जरा जास्तच काळजीने पुसली. पराभवानंतर माणसं असंच काहीतरी पुसतात. घरी येताना सून म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात हेच खूप झालं." हे वाक्य म्हणजे हार पत्करल्याची पावती, हे न कळण्याइतके मास्तर भोळे नव्हते.

शुक्रवारी ते बागेत दीडपायला भेटले. दीडपाय हा बँडमधला जुना ट्रंपेटवाला. आगीच्या एका कामावर शिडी सरकली, उजवा पाय मोडला आणि बोटभर आखूड जुळला. पुढे संचलनात त्याचं पाऊल जमेना. मास्तरांनी टकटक केली, वहीत लिहिलं. परत टकटक, परत वही. महिन्याअखेर साहेबांनी वही पाहिली आणि दीडपायला फोनच्या टेबलावर बसवलं. ट्रंपेट सुटली. त्यानंतरही हे दोघे अठरा वर्षं रोज संध्याकाळी बरोबर चालत घरी जायचे. वहीचा विषय ना याने काढला, ना त्याने.

"तोंड का उतरलंय?" दीडपायने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. दीडपाय मनसोक्त हसला, मग काठी उचलून म्हणाला, "चल, दोन फेऱ्या मारू."

दहा पावलं गेली असतील. मास्तर मधेच थबकले.

"काय झालं?"

"तू थांबू नकोस. चाल."

"कुठे?"

"कुठेही. नुसता चाल."

दीडपाय चालला. चांगला पाय वाटेवर रेंगाळायचा, आखूड पाय घाईने पडून लगेच सुटायचा. लांऽब-तोकडा. लांऽब-तोकडा. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की त्यांचे स्वतःचे पायही तसेच पडतायत. अठरा वर्षं या माणसाच्या बाजूने चालायचं, तर त्याच्यासारखंच चालावं लागलं होतं. संचलनात सरळ चालणारा माणूस रोज संध्याकाळी घरापर्यंत झुलत गेला होता, आणि ते त्याने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

त्यांनी बागेला चार फेऱ्या मारल्या.

"लेका, माझ्या चालण्याकडे एवढं लक्ष तू पूर्वी एकदाच दिलं होतंस," दीडपाय धापा टाकत बाकावर बसला. "आता पण वहीत घालणार का?"

मास्तर बागेच्या नळाकडे बघत म्हणाले, "सतरा वेळा लिहिलं होतं मी."

"एकोणीस. मोजायला मलाही येतं."

"कधी बोलला नाहीस."

"बोललो असतो तर रोज घरी कुणाबरोबर गेलो असतो?" दीडपाय म्हणाला. "रविवारी किती वाजता आहे तुमचं ते?"

शनिवारी दवाखाना बंद झाल्यावरच्या सरावात मास्तर ड्रमवर बसले, डोळे मिटले आणि दीडपायच्या बाजूने घरी निघाले. पहिल्या कडव्यातच खांबाने मान वर केली. डॉक्टरांचा सॅक्सोफोन आज घाई न करता बोलायला लागला. सून वाजवता वाजवता वळली.

"बाबा! हे कुठून आणलंत?"

"माझं नाही. दुसऱ्याचं आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

रविवारी चार वाजता चहाचं दुकान निम्मं भरलं होतं. सून दुकानातल्या जुन्या पियानोशी, चिमणी मनगट गळ्यात बांधून भिंतीशी बसली होती. दीडपायने पुढचं टेबल धरलं होतं. त्याच्या बाजूला मुलगा, कुठे टाळी वाजवायची ते आयत्या वेळी कळावं म्हणून. मालकीणबाई कपबशा पुसत उभ्या होत्या. त्यांच्या हाताशी फळीवर एक रेडिओ होता. तो त्यांनी या परीक्षेपुरता बंद केला होता. सगळ्या शहराला माहीत होतं की मागच्या बँडच्या वेळी तिसऱ्या गाण्यावर बाईंनी एक शब्द न बोलता रेडिओ लावला होता.

पहिलं गाणं झालं. रेडिओ बंद. दुसरं झालं. बंद. मास्तरांचा ठोका झुलत होता. त्यांच्या मनात आलं, या वयात आपण काहीतरी शिकलो बुवा. अशी शाबासकी माणसाने घरी पोचल्यावर द्यावी.

तिसरं गाणं सुनेचं स्वतःचं होतं. संथ, दुपारच्या उन्हासारखं पसरलेलं. तिसऱ्या ओळीत तिचं बोट घामाने सरकलं आणि भलत्याच पट्टीवर पडलं. तो कलता सूर नव्हता. तो सपशेल पडलेला सूर होता. आता तर मास्तरांनाही त्यातला फरक कळत होता. पण त्यांच्या हाताला कळत नव्हता. हात एकतीस वर्षांचा होता.

टक टक.

ड्रमच्या कडेवर, लख्ख, दुकानभर ऐकू जाईल असं.

खांबाचं बोट तारेवरच राहिलं. डॉक्टरांच्या गालात हवा भरलेली होती, ती तशीच. मालकीणबाईंनी फडकं खाली ठेवलं आणि त्यांचा हात फळीकडे गेला. पियानो गेला, मास्तरांना वाटलं. शिडीवरून चिमणी पडली, पण पियानो मी पाडला.

सून थांबली नाही. म्हणजे थांबली, पण वेगळ्या तऱ्हेने. तिने तीच ओळ पुन्हा वाजवली, त्याच भलत्या पट्टीवर मुद्दाम बोट ठेवलं, आणि मग हात वर उचलून सासऱ्याकडे पाहिलं. पुढे जागा मोकळी. जेवताना कुणी काही विचारावं आणि घास हातात धरून उत्तराची वाट पाहावी, तशी.

या बघण्यात राग नव्हता हे मास्तरांना आधी कळलं. काय करायचं ते त्यानंतर कळलं.

टक टक.

तिने परत विचारलं, जरा वरच्या सुरात. टक टक. तिसऱ्यांदा तिने उगाच उशीर केला, आणि मास्तरांनीही केला: टाऽक-टक. दीडपायच्या चालीने. खांब हसला आणि त्याच्या जड तारा खालून आत आल्या. डॉक्टरांनी गालातली हवा सोडली. त्यांच्या सॅक्सोफोनने तोच पडका सूर उचलला, सुन्न ओठाने घोळवला, वाकवला, तक्रार केल्यासारखा लांबवला आणि मास्तरांपुढे ठेवला. टाऽक-टक, मास्तर म्हणाले. आता हा प्रश्न विचारी, तो उत्तर देई. कधी उत्तराच्या आधीच दुसरा प्रश्न येई, कधी दोघे एकदम बोलत आणि दोघांचंही ऐकू येई. कोपऱ्यातल्या एका आजीबाईंनी बशीवर चमचा वाजवला, बरोबर त्या मोकळ्या जागेत. दीडपायने काठी आपटली. दहाव्या खेपेला तो सूर आला, तेव्हा सगळं दुकान त्याची वाट बघत होतं. जणू गाणं त्याच्यासाठीच बांधलं होतं आणि आधीच्या सगळ्या सरावांत तोच तेवढा वाजवायचा राहून गेला होता.

मास्तरांनी हळूच फळीकडे पाहिलं. मालकीणबाईंचा हात रेडिओवर होता. त्यांनी रेडिओ उचलला, खाली कपाटात ठेवला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दोन्ही कोपरं टेकून त्या ऐकत उभ्या राहिल्या.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, तोही तालात. ठोका अजिबात हलला नाही. हलले ते मास्तरच. कपाळावरचा घाम कोपराने पुसता पुसता ते हसत होते. चिमणीने नंतर शपथेवर सांगितलं की मास्तरांचे दात तिने पहिल्यांदा पाहिले, आणि डॉक्टरांनी ते चांगले असल्याचं प्रमाणपत्र तिथल्या तिथे दिलं.

पाच वाजता मालकीणबाई स्वतः चहा घेऊन आल्या. "दर रविवारी. चार ते पाच. आणि ते टकटकवालं हवंच हं."

सून पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सावरल्यासारखी चाचपडली. "ते हुबेहूब तसंच नाही यायचं बाई. खरं म्हणजे ती चूक होती."

"माझी," मास्तर म्हणाले. एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी या अर्थाने वापरला नव्हता. तो तोंडातून जरा गंजलेलाच बाहेर आला.

"पहिली माझी होती बाबा."

"भांडू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "मग पुढच्या रविवारी दुसरी करा."

"दुसरीचं टेन्शन घेऊ नका," चिमणी म्हणाली. "मनगट सुटलं की मी आहेच. मी तर मास्तरांपेक्षा भरपूर चुकते."

"मनगट सुटल्यावर बघू," मास्तर घाईने म्हणाले, आणि सगळे हसले. कारण हा माणूस जागा सोडणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

दीडपायने काठीने त्यांच्या बुटाला डिवचलं. "वहीत कुणाचं नाव घालणार?"

घरी आल्यावर मास्तरांनी दहावी वही काढली. तारीख लिहिली. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि ते वहीत कसं दिसतं ते चष्मा वरखाली करून पाहिलं. चुकीच्या रकान्यात 'टकटक' लिहिलं. शेवटच्या रकान्यात ते नेहमी 'पहिल्यापासून' असं लिहीत. तिथे पेन थोडा वेळ थांबलं, आणि रकाना कोराच राहिला.

मग ते बाहेरच्या खोलीत गेले, पियानोच्या मागे हात घातला आणि तपकिरी ब्लँकेट ओढून काढलं. दोन वर्षांची धूळ उडाली. तीन शिंका आल्या.

"बाबा, काय चाललंय?" मुलाने विचारलं.

"पांघरायला नेतो. थंडी वाजते."

"एवढ्या उकाड्यात?"

"म्हातारा आहे मी. मला काहीही वाजू शकतं."

सोमवारी सकाळी मास्तर टेबलाशी चहा घेत बसले होते. फिरायला जायची वेळ होऊन गेली होती आणि ते गेले नव्हते. बाहेरच्या खोलीत पियानोचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत तो सूर आला, भिंतीला टेकलेला, ऐसपैस, आता सगळ्या घरात घुमणारा. आणि त्याच्यापुढे सुनेने हात उचलले.

मास्तरांनी चमचा घेतला. टाऽक-टक.

आतून मुलगा ओरडला, "दारावर कोण आलंय?"

"बघ जाऊन," मास्तर म्हणाले, आणि पुढच्या ओळीची वाट पाहू लागले.